खाजनावरचा प्रबंध शोधायचा कुठे?

गोव्यातल्या खाजन जमिनींवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींवर, झालेले पीएच.डी.चे प्रबंध वाचायचे आहेत असं समजा. गूगलवर रोमन लिपीत 'खाजन' आणि 'थीसिस' टाकलं की पहिल्या पानावर वर्तमानपत्रांतले लेख येतात, दोन-तीन शोधनिबंध येतात आणि नशीब असेल तर एखादा प्रबंध. तेवढ्यावरून 'या विषयावर फारसं काम झालेलं दिसत नाही' असं ठरवून मोकळे होणारे विद्यार्थी बरेच आहेत. पुढे तेच वाक्य त्यांच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, 'संशोधनातली उणीव' म्हणून जाऊन बसतं आणि तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो. काम पुष्कळ झालेलं असतं, पण ते वेगवेगळ्या विद्याशाखांत आणि वेगवेगळ्या विद्यापीठांत विखुरलेलं असतं.

खाजनाचंच बघा. कोरगुट भात खारं पाणी कसं सोसतं हा कृषिशास्त्राचा विषय. मिठागरातले जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्राकडे जातात. बांध फुटून शेतात पाणी शिरलं की किती जमीन गेली, हे उपग्रहचित्रांवरून मोजणारा प्रबंध भूगोल किंवा भूशास्त्र विभागात असतो. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) लिलावाचा पैसा कोणाकडे जायचा, हे गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, इतिहासात सापडतं. आणि १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल कोणी करायची हा प्रश्न अर्थशास्त्रात, समाजशास्त्रात किंवा विधी शाखेत निघतो. हे पाचही संशोधक 'खाजन' हा शब्द शीर्षकात घालतीलच असं नाही. म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर विषयाच्या या बाजू लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीसमोर तिथले लोक वापरतात ते शब्द मांडावेत. अर्धा तास जातो, पण पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

पदवी कोणी दिली?

प्रबंध कुठे ठेवला जाईल हे ठरतं ते पदवी देणाऱ्या विद्यापीठावरून. संशोधन कुठे झालं याला त्यात फारसं महत्त्व नसतं. गोव्यात हा घोळ जरा जास्तच होतो. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, गोवा विद्यापीठ मात्र १९८५ चं. म्हणजे त्या संस्थेत सुरुवातीच्या काळात झालेलं काम मुंबईच्या किंवा दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या नावावर असणार. मांडवी-झुआरीच्या गाळावरचा सत्तरच्या दशकातला प्रबंध गोवा विद्यापीठाच्या यादीत शोधत बसलात तर तो कधीच मिळायचा नाही. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या संकुलात झालेल्या पीएच.डी.ची पदवी पिलानीची, तेव्हा नोंद राजस्थानातल्या संस्थेखाली. गोव्यात कृषी विद्यापीठ नाही, त्यामुळे काजू, नारळ, कोरगुट यांवरचं बरंचसं लिखाण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आणि कर्नाटक-केरळातल्या कृषी विद्यापीठांकडे आहे.

भारतीय प्रबंधांसाठी पहिला थांबा शोधगंगा, हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि तेव्हापासून हा साठा वाढत गेला. पण अपलोड करायचं काम त्या त्या विद्यापीठाचं असतं. पदवी मिळाल्यावर प्रबंध वर यायला काही महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंही जातात. जुन्या प्रबंधांचं स्कॅनिंग काही विद्यापीठांनी मनापासून केलं, काहींनी अर्ध्यावर सोडलं. तेव्हा शोधगंगेवर प्रबंध दिसला नाही म्हणजे तो लिहिलाच गेला नाही, असं समजू नये. अजून एक: ही सक्ती संशोधन पदव्यांपुरती आहे. एम.ए., एम.एस्सी.चे लघुप्रबंध आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले एम.डी., एम.एस.चे प्रबंध तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

कृषीसाठी कृषिकोश हा कृषी विद्यापीठांचा ऑनलाइन साठा बघावा. त्यात पदव्युत्तर पातळीचे प्रबंधही मोठ्या संख्येने आहेत, आणि पिकांच्या बाबतीत पीएच.डी.पेक्षा एम.एस्सी.चा नेमका, छोटा प्रयोग कित्येकदा जास्त उपयोगी पडतो. समुद्र आणि मासळीसाठी समुद्रविज्ञान संस्थेचं स्वतःचं ऑनलाइन भांडार, कोचीन विद्यापीठाचं 'द्युती' आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं भांडार, ही तिन्ही एकामागून एक चाळावीत. गोवा विद्यापीठाचंही आपलं भांडार आहे. शोधगंगेवर आणि तिथे असलेल्या नोंदी शंभर टक्के सारख्या नाहीत, म्हणून दोन्हीकडे बघायचं. अर्थकारणाच्या जुन्या प्रबंधांसाठी पुण्याच्या गोखले संस्थेचं डिजिटल ग्रंथालय विसरू नये. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं काम त्या मानाने सोपं: कणभौतिकीचे प्रबंध सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या दस्तऐवज भांडारात असतात, आणि अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावरही बरेच जण आपला प्रबंध टाकतात.

शोधपेटी काय वाचते

इथे जरा थांबावं लागेल, कारण शोध बहुतेक वेळा फसतो तो इथेच. शोधगंगा आणि वरची बरीच भांडारं डीस्पेस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. तिथल्या शोधपेटीत तुम्ही शब्द टाकता तेव्हा ती मुख्यतः प्रबंधाची नोंद तपासते: शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, चार-पाच कळीचे शब्द आणि असला तर गोषवारा. ही नोंद ग्रंथालयातल्या कोणीतरी हाताने टाइप केलेली असते. कळीच्या शब्दांच्या जागी नुसतं 'हिस्ट्री' किंवा 'मायक्रोबायॉलॉजी' लिहून सोडलेल्या नोंदी कितीतरी आहेत. तीनशे पानांत दोनशे वेळा खाजन आलेलं असेल आणि नोंदीत एकदाही नसेल, तर शोधपेटीच्या लेखी त्या प्रबंधाचा खाजनाशी काही संबंध नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, गूगलला फक्त शोधगंगेच्या आत शोधायला लावणं: रोमन लिपीत 'साइट', त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून शोधगंगेचा पत्ता, मग जागा सोडून अवतरणचिन्हांत शब्द. कोलनच्या आधी किंवा नंतर जागा सुटली तर युक्ती चालत नाही. गूगल काही पीडीएफच्या आतला मजकूरही वाचतं, त्यामुळे नोंदीत नसलेला शब्द प्रकरणाच्या पोटातून वर येतो. सगळ्या पीडीएफ मात्र त्याच्या यादीत नसतात, म्हणून शोधगंगेच्या आतला शोध सोडायचा नाही.

दुसरा उपाय मला स्वतःला जास्त भरवशाचा वाटतो: एक चांगला प्रबंध मिळाला की त्याच्या मार्गदर्शकाच्या नावावर टिचकी मारायची. एकाच मार्गदर्शकाकडे दहा-पंधरा वर्षांत झालेले प्रबंध सहसा एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू असतात. मिठागरातल्या जिवाणूंवर एक मिळाला तर तिवरांच्या चिखलातल्या जिवाणूंवरचा त्याच घरातला दुसरा लगेच दिसतो. फक्त मार्गदर्शकांची नावंही दोन-तीन तऱ्हांनी नोंदलेली असतात. आडनाव आधी, आद्याक्षरं आधी, पूर्ण नाव, मध्ये टिंब, टिंबाविना. यादीत आडनावापाशी जाऊन वरखाली चार ओळी बघायच्या.

मग येतात स्पेलिंगं. गोव्यातल्या नावांच्या बाबतीत हा प्रकार इतका पसरलेला आहे, की स्पेलिंगांची वेगळी यादी केल्याशिवाय शोधाला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाजनात 'झेड' येतो किंवा 'जे' येतो, आणि पोर्तुगीज कागदांवरून काम करणाऱ्यांकडे तोच शब्द 'सी'ने सुरू होऊन 'कासाना' होतो, त्यातही मधे 'एस' किंवा 'झेड'. कोमुनिदाद (गावकरीचं पोर्तुगीज नाव) पोर्तुगीजमध्ये एका 'एम'ने लिहितात, इंग्रजीत लिहिणारे हटकून दोन घालतात. गावकरीला 'यू' घालणारे वेगळे, 'ओ' घालणारे वेगळे. पणजी, पांजिम, पंगिम आणि नोव्हा गोवा हे एकच शहर. साष्टीचं पोर्तुगीज स्पेलिंग एका 'टी'चं आणि मधे 'सी'चं. तिथे 'एस' आणि दोन 'टी' टाकलेत, की मुंबईच्या साष्टी बेटावरचे प्रबंध समोर येऊन उभे राहतात. मांडवीतला 'ओ' गाळला तर कच्छमधल्या मांडवी बंदरात पोचाल. म्हादई नदी गोव्यात एका स्पेलिंगने, कर्नाटकात 'महादायी' अशा दुसऱ्याच. त्यामुळे पाणीतंट्यावर धारवाडकडे झालेलं काम गोव्याच्या स्पेलिंगने दिसतच नाही.

डीस्पेसमध्ये शब्दाच्या सुरुवातीची तीन-चार अक्षरं टाकून पुढे ताऱ्याचं चिन्ह दिलं, की शेवट बदलणारी रूपं सहसा एकदम मिळतात. सुरुवातच बदलत असेल तर तारा कामाचा नाही. तिथे रूपं 'ऑर'ने जोडावी लागतात, आणि हा 'ऑर' मोठ्या लिपीत लिहावा लागतो. प्रगत शोधात 'इक्वल्स' निवडलेलं असेल तर ते 'कंटेन्स' करून घ्या. नाहीतर पूर्ण शीर्षक जसंच्या तसं जुळल्याशिवाय काहीच येत नाही.

मराठी प्रबंधांचं दुखणं

मराठीत लिहिलेले प्रबंध शोधणं आणखी अवघड, आणि याची खंत वाटते, कारण गोव्यातले जागर, रणमालं, धालो हे लोककलाप्रकार, देवस्थानं, मराठी रंगभूमी यांवरचं कितीतरी मोलाचं काम मराठीत आणि कोकणीतच झालं आहे. नोंद कधी देवनागरीत असते, कधी रोमन लिप्यंतरात, कधी शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद करून टाकलेला. तेव्हा तिन्ही तऱ्हांनी शोधायचं. लिप्यंतरात 'मराठी नाटक' हे शब्द शेवटी 'ए' लावून किंवा न लावता येतात. 'च'साठी कोणी 'सी-एच' लिहितो, कोणी नुसता 'सी'.

त्यात पीडीएफची अडचण वेगळी. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी संगणकावर वापरली जाणारी समान संकेतपद्धती) रुळण्याआधीचे प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झालेले आहेत. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले होते. डोळ्यांना पान शुद्ध मराठी दिसतं, पण संगणकाला आत इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोळा मिळतो. त्यामुळे गूगललाही त्यात 'जागर' दिसत नाही. ओळखायची पद्धत सोपी: पीडीएफमधली एक ओळ निवडायची, कॉपी करायची, कोऱ्या फाइलमध्ये चिकटवायची. मराठी उमटली तर युनिकोड आहे, शोध चालेल. इंग्रजी चिन्हांची भेळ उमटली तर जुना फॉन्ट. काहीच निवडता आलं नाही तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे.

यातल्या शेवटच्या दोन्ही बाबतींत ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करून घ्यावं. छोटं प्रकरण असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मजकूर मिळतो, पण मोठ्या फाइली तिथे अडतात. मोठ्या प्रकरणांसाठी टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकदम द्यायच्या, कारण तळटीपांत इंग्रजी असतंच. पान ३०० डीपीआयपेक्षा कमी प्रतीचं असेल तर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते. ओसीआरचा मजकूर शोधण्यापुरता वापरावा, अवतरण मात्र नेहमी मूळ पान डोळ्यांनी वाचूनच उतरवावं.

प्रबंध उघडल्यावर

शोधगंगेवर प्रबंध प्रकरणागणिक तुकड्यांत असतो. ०१ क्रमांकाची फाइल शीर्षकपानाची, पुढे प्रमाणपत्रं, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण. शेवटी बहुतेक ठिकाणी ८० क्रमांकाची 'रेकमेंडेशन' नावाची फाइल असते. तिच्यात शीर्षकपान आणि निष्कर्षाचा भाग एकत्र असतो. आधी ती उघडायची, मग अनुक्रमणिका, मग संदर्भसूची. या तीन फाइलींवरून प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे वीस मिनिटांत कळतं. सगळी प्रकरणं उतरवून ठेवण्याची घाई नको. संदर्भसूची तर स्वतःच एक शोधयंत्र आहे. तिच्यात 'अप्रकाशित प्रबंध' अशा ज्या ज्या नोंदी असतील त्या वेगळ्या काढा. कुठल्याही भांडारात न दिसणारे जुने प्रबंध इथूनच हाती लागतात.

तारखांकडे जरा नीट बघा. शोधगंगेवर चढवल्याची तारीख वेगळी आणि प्रबंध पूर्ण झाल्याची वेगळी. १९९१ चा प्रबंध २०१५ मध्ये स्कॅन होऊन चढला असेल, तर 'नवीन आधी' अशा यादीत तो २०१५ च्या प्रबंधांत बसतो. संदर्भ देताना वर्ष शीर्षकपानावरून किंवा प्रमाणपत्रावरून घ्यायचं. पत्ता म्हणून ब्राउझरमध्ये दिसणारी लांबलचक ओळ लिहू नये, ती सॉफ्टवेअर बदललं की मोडते. नोंदीत दिलेला हँडल, म्हणजे कायमचा पत्ता, लिहावा. शोधगंगेचा असेल तर तो १०६०३ ने सुरू होतो, तिरकी रेघ, आणि पुढे त्या प्रबंधाचा क्रमांक.

देशाबाहेर

गोव्याच्या इतिहासावर, कायद्यावर, वास्तूंवर काम करणाऱ्याने पोर्तुगालचं आरकाप बघितलं नसेल तर त्याचा आढावा अपुराच राहणार. लिस्बन, नोव्हा, कोइंब्रा, पोर्तो अशा विद्यापीठांची खुली भांडारं त्यातून एकत्र शोधता येतात. 'गोवा' एवढाच शब्द टाकून भागत नाही. 'एस्तादो दा इंदिया' हे जुनं राज्यनाम पोर्तुगीज स्पेलिंगने, उच्चारचिन्हासह आणि त्याच्याशिवायही टाकून बघा. पीएच.डी.साठी तिथे 'तेझे' आणि एम.ए.साठी 'दिसेर्तासांव' म्हणतात, गाळणी लावताना तेवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत नेमकं उलट, 'डिसर्टेशन' पीएच.डी.चं आणि 'थीसिस' सहसा मास्टर्सचा. ब्राझीलमध्येही गोव्याच्या पोर्तुगीज साहित्यावर काम झालं आहे. साओ पावलो विद्यापीठाचं प्रबंध-ग्रंथालय आणि बीडीटीडी हा त्यांचा राष्ट्रीय साठा त्यासाठी उपयोगाचे. पोर्तुगीज येत नसेल तरी गोषवारा बहुधा इंग्रजीतही दिलेला असतो.

बाकी जगासाठी ओएटीडी आणि एनडीएलटीडी ही दोन एकत्रित शोधस्थळं पुरेशी आहेत. पहिल्यात हजाराहून अधिक संस्थांच्या नोंदी आहेत. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचं बेस हे शोधयंत्रही चांगलं, त्यात दस्तऐवजाचा प्रकार 'थीसिस' निवडता येतो. ही सगळी स्थळं मूळ भांडारांकडून ठरावीक काळाने फक्त नोंदी गोळा करतात. म्हणून तिथे नवा प्रबंध उशिरा दिसतो आणि लिंक मोडकी निघाली तरी प्रबंध गेला असं होत नाही. शीर्षक उचलून थेट त्या विद्यापीठाच्या भांडारात शोधा. ब्रिटनसाठी ब्रिटिश लायब्ररीची इथॉस सेवा होती, पण ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ती कोलमडली. तेव्हापासून लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज असं एकेका विद्यापीठाचं भांडार गाठणंच बरं. फ्रान्सचं राष्ट्रीय स्थळ थीज डॉट एफआर. त्यात चालू असलेल्या प्रबंधांचीही नोंद असते, म्हणजे आपल्या विषयावर आत्ता कोण काम करतंय हेही कळतं. भारतात त्यासाठी शोधगंगोत्री आहे, मंजूर सिनॉप्सिसचा साठा.

परदेशी प्रबंध कुलूपबंद दिसला तर तो बहुधा एम्बार्गोमध्ये असतो: पुस्तक किंवा शोधनिबंध आधी छापून यावा म्हणून लेखकाने ठरावीक मुदत मागितलेली असते. मुदत संपण्याची तारीख नोंदीत दिलेली असते का ते बघा. फार लांब असेल तर लेखकाला थेट ईमेल करा. कुठलं प्रकरण हवं, कशासाठी हवं आणि तुम्ही कुठल्या विद्यापीठात आहात हे तीन ओळींत लिहा. 'तुमचा पूर्ण प्रबंध पाठवा' अशा पत्रांना उत्तर क्वचित येतं, एका प्रकरणाच्या विनंतीला बरेच जण आनंदाने देतात.

जे ऑनलाइन नाहीच

१९९० च्या आधीचे बरेच भारतीय प्रबंध अजून कपाटातच आहेत. ते अस्तित्वात आहेत एवढं कळण्यासाठी भारतीय विद्यापीठ संघाने छापलेल्या प्रबंधांच्या सूची आणि त्यांच्या 'युनिव्हर्सिटी न्यूज' साप्ताहिकातल्या 'थीसेस ऑफ द मन्थ' या याद्या बघायच्या. नाव, वर्ष, विद्यापीठ, विभाग आणि मार्गदर्शक एवढे पाच तपशील हातात आले की त्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना लिहायचं. आपल्या ग्रंथालयामार्फत पत्र गेलं तर काम लवकर होतं. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी स्वतः जाणार असाल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रबंध त्याच इमारतीत आहे की विभागात, बाहेरच्या वाचकाला ओळखपत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र लागतं का, आणि किती पानांची झेरॉक्स देतात. संपूर्ण प्रबंधाची प्रत सहसा कोणी काढू देत नाही. म्हणून वही, पेन्सिल आणि आधीच ठरवलेल्या प्रश्नांची यादी घेऊन जा. अनुक्रमणिका आणि संदर्भसूची यांच्या प्रती पहिल्या मागा, मग उरलेल्या पानांत तक्ते आणि नकाशे.